प्राथमिक शाळेंतील रोमन लोक

गेल्या हिवाळ्यांत इंग्लंडांत कन्येच्या घरीं चार महिने राहण्याचा योग आला. आमचा नातू तेथील एका प्राथमिक शाळेंत चौथ्या वर्षाच्या, म्हणजे आठ-नऊ वयाच्या मुलांच्या वर्गांत आहे. त्या सत्रांत त्याच्या वर्गाचा 'विषय' रोमन लोक हा होता. इतिहासाच्या तासाला रोमन लोक हें ओघानेंच आलें. परंतु गणिताच्या तासाला रोमन आंकडे, चित्रकलेच्या तासाला रोमन फरशी, भाषेच्या तासाला रोमनांशीं लढलेल्या राणीची रोजनिशी, हस्तव्यवसायांत पुठ्ठ्याची ढाल, आणि शेवटच्या शुक्रवारीं अंगाला पांढऱ्या चादरी गुंडाळून द्राक्षें व पाव यांचें 'रोमन भोजन', असा सर्व तासांवर रोमचा अंमल बसलेला होता. सत्र संपल्यावर नातवाची वही आमच्या हातीं आली. जन्मभर शाळेंत घालविलेल्या माणसाच्या हातीं वही पडली कीं तो ती तपासूं लागतो. त्यांतून हा लेख निघाला.

इतिहाससंशोधनास वाहिलेल्या त्रैमासिकांत बालवर्गाच्या वहीची चर्चा कशाला, असें कोणी विचारील. अस्सल कागद कोणता आणि मागाहून रचलेली हकीकत कोणती, हा विवेक आपल्या सर्व उद्योगाचा पाया आहे, आणि तो मुलांत प्रथम जागा होतो किंवा प्रथम निजविला जातो तो याच वयांत, इतकें उत्तर आम्हांस पुरेसें वाटतें. शिवाय रोमन ब्रिटनचे अस्सल कागद (कागद कसले, लाकडाच्या पातळ पाट्या) गेल्या पन्नास वर्षांत जमिनींतून वर आले आहेत, आणि त्यांतील कित्येक आठ वर्षांच्या मुलास समजतील इतके सोपे आहेत. ते हाताशीं असतां शाळा त्यांचें काय करिते, हें पाहण्यासारखें आहे.

इंग्लंडचा राष्ट्रीय अभ्यासक्रम २०१३ सालीं प्रसिद्ध होऊन २०१४ च्या सप्टेंबरापासून लागू झाला. सात ते अकरा वर्षांच्या मुलांसाठीं त्यांत 'रोमन साम्राज्य व त्याचा ब्रिटनवरील परिणाम' हा भाग नेमलेला आहे. सीझरच्या इ. स. पूर्व ५५ व ५४ मधील स्वाऱ्या, क्लॉडिअस बादशहाच्या वेळचा इ. स. ४३ मधील विजय, हेड्रियनची भिंत, बौडिका राणीचा उठाव आणि ब्रिटनचें रोमनीकरण, हीं प्रकरणें त्याखालीं नमुन्यादाखल सुचविलीं आहेत. निवड वाईट नाहीं. गणितांत तिसऱ्या वर्षीं घड्याळावरील रोमन आंकडे, चौथ्या वर्षीं शंभरापर्यंतचे व पांचव्या वर्षीं हजारापर्यंतचे आंकडे वाचावयाचे आहेत. भाषा, चित्रकला, हस्तव्यवसाय यांत रोमन लोकांस शिक्षक नेऊन बसवितात.

ही चाल आजची नव्हे. १९६७ सालच्या प्लाउडेन समितीच्या अहवालानें लहान मुलांचें शिकणें विषयांच्या कप्प्यांत बसत नाहीं असें प्रतिपादन केलें, आणि एक विषय मध्यें घेऊन त्याभोंवतीं सर्व तास गुंफण्याच्या पद्धतीस त्यामुळें मोठें बळ मिळालें. १९९२ सालीं अलेक्झांडर, रोझ व वुडहेड या तिघांनीं सरकारासाठीं लिहिलेल्या टिपणांत, अशा कामापैकीं बरेंचसें विस्कळित व उथळ होतें असा कडक आक्षेप घेतला. पद्धति त्यानेंहि मेली नाहीं, याला नातवाची वही साक्ष आहे.

आम्ही स्वतः या पद्धतीचे शत्रु नाहीं. रघुवंशाच्या चौथ्या सर्गांतील रघूचा दिग्विजय शिकवितांना व्याकरण, छंद, अलंकार, कोश आणि भारताचा भूगोल हीं सर्व एकाच तासांत येत, आणि तीं आलीं म्हणून कोणाचें नुकसान झालें असें आम्हांस आठवत नाहीं. परंतु तेथें ग्रंथ मध्यें होता आणि विषय त्याच्यांतून निघत. श्लोकांत नदी आली म्हणून नकाशा भिंतीवर चढे. नातवाच्या वहींत मध्यें कांहींच नाहीं. 'रोमन' हें विशेषण तेवढें प्रत्येक विषयाच्या डोक्यावर ठेविलें आहे. तें काढून 'इजिप्शियन' हें ठेविलें तरी वहींतील बहुतेक पानें जशींच्या तशीं उभीं राहतील. आमचा सर्व आक्षेप या एका गोष्टीला आहे.

वहींतील सर्वांत लांब लेख 'बौडिकेची रोजनिशी' हा. अडीच पानें मजकूर, अक्षर सुरेख, खालीं बाईंनीं दिलेले दोन तारे. राणी लिहिते कीं, आज मी रथ जुंपला, माझे तांबडे केस वाऱ्यावर उडत आहेत, चाकांचीं पातीं झळकत आहेत, मी लंडन जाळीन. भाषेचा धडा म्हणून यांत उणें काढण्यासारखें थोडें आहे. इतिहासाचा धडा म्हणून तो उलट दिशेनें गेलेला आहे.

बौडिकेचा एकहि शब्द आज उपलब्ध नाहीं. तिच्या आइसेनी टोळीनें नाण्यांवरील चार-दोन अक्षरांपलीकडे लिहिलेलें कांहीं मागें ठेविलें नाहीं. तिची हकीकत दोघांनीं सांगितली, आणि दोघेहि शत्रुपक्षाचे. टॅसिटस हा रोमन. उठाव झाला त्या वेळीं, म्हणजे इ. स. ६० किंवा ६१ मध्यें, तो पोरवयाचा होता. परंतु त्याचा पुढें सासरा झालेला अॅग्रिकोला त्या वेळीं ब्रिटनमधील सैन्यांत होता, म्हणून त्याच्या माहितीला कांहीं मूळ आहे. दुसरा कॅसिअस डिओ. यानें सुमारें दीडशें वर्षांनंतर ग्रीक भाषेंत लिहिलें, आणि त्याच्या ग्रंथाचा हा भाग आज मूळ रूपांत नाहीं. अकराव्या शतकांत एका बायझंटाइन भिक्षूनें केलेल्या संक्षेपांत तो टिकला आहे. उंच बांधा, कमरेखालीं रुळणारे पिंगट केस, गळ्यांत सोन्याचें जाड कडें, हें चित्र सर्वस्वीं डिओचें. चाकांचीं पातीं तर दोघांच्याहि हकीकतींत नाहींत. वेस्टमिन्स्टरच्या पुलापाशीं १९०२ सालीं उभारलेला थॉर्निक्रॉफ्टचा पुतळा आहे, त्याच्या रथाला तीं आहेत. तेथून तीं मुलांच्या वह्यांत शिरलीं.

दोघेहि इतिहासकार राणीच्या तोंडीं मोठालीं भाषणें घालतात. प्राचीनांचा तो परिपाठच होता. आपल्या बखरकारांनीं मोहिमेच्या आदल्या रात्रींचे संवाद लिहिले, ते ऐकावयास ते तंबूंत बसले होते असें कोणी मानीत नाहीं. बखर वाचतांना आपण तेवढी वजावट करितों. शाळेनें काय केलें? मुलास सांगितलें कीं, तूंहि तिच्या तोंडीं भाषण घाल. म्हणजे टॅसिटसनें जें केलें तेंच मुलानें पुन्हां केलें, परंतु टॅसिटसनें तसें केलें होतें हें मात्र त्याच्या कानावर आलें नाहीं. आम्हीं नातवास विचारलें, 'हें सगळें राणीनें खरोखर लिहून ठेवलें होतें का रे?' तो म्हणाला, 'हो आजोबा, तिच्या डायरींत.'

हा दोष मुलाचा नव्हे, आणि वयाचाहि नव्हे. दुसऱ्या दिवशीं आम्हीं त्याच्यापुढें दोनच वाक्यें ठेविलीं. टॅसिटसच्या मतें राणी विष घेऊन मेली. डिओच्या मतें ती आजारी पडून मेली. खरें कोणाचें? प्रथम तो म्हणाला, मोठ्या पुस्तकांत पाहूं. मोठीं पुस्तकें हींच दोन, असें सांगितल्यावर तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, 'पण त्यांना कोणी सांगितलें?' चाळीस वर्षांच्या अध्यापनांत हा प्रश्न आपण होऊन विचारणारे विद्यार्थी आम्हांस बोटांवर मोजण्याइतके भेटले. मग आम्ही टॅसिटसच्या आंकड्यांकडे वळलों. शेवटच्या लढाईंत ब्रिटन सुमारें ऐशीं हजार पडले आणि रोमन चारशें, असें तो नोंदतो. एका रोमनामागें किती ब्रिटन, हा भागाकार नातवानें केला. उत्तर दोनशें आलें. आणि 'हें कोणी मोजलें?' हा दुसरा प्रश्न त्यांतून निघाला. येथें गणित इतिहासांत आलें तें हातांत काम घेऊन आलें. कोल्चेस्टर व लंडन येथें खणतांना त्या आगीचा भाजून लाल झालेल्या मातीचा थर लागतो. ती माती कोणाच्याच पक्षाची नाहीं. विज्ञानाचा तास हवा असेल तर ती माती लाल कां झाली, हें मुलांस विचारतां येईल.

आतां आंकड्यांकडे. वहींत रोमन आंकड्यांचीं अडतीस उदाहरणें आहेत आणि सर्व बरोबर आहेत. एक्स एल सात म्हणजे सत्तेचाळीस, ही उकल मुलांस कोड्यासारखी आवडते, तेवढ्यापुरतें ठीक. परंतु अभ्यासक्रमांतील एक वाक्य आम्हांस खटकलें. कालांतरानें संख्यालेखनाची पद्धति बदलून तींत शून्य व स्थानमूल्य या कल्पना आल्या, हें मुलांस ठाऊक असावें, अशा आशयाचें तें वाक्य आहे. कोणी आणल्या, कोठून आल्या, याचा उच्चार नाहीं. जणु दूध रात्रींतून विरजावें तशी पद्धति आपोआप बदलली. ब्रह्मगुप्तानें इ. स. ६२८ मध्यें शून्याच्या गणिताचे नियम दिले. नवव्या शतकांत बगदादेंत अल्-ख्वारिज्मीनें भारतीय गणनेवर ग्रंथ लिहिला. १२०२ सालीं पीसा येथील लिओनार्दोनें युरोपास त्या नऊ अंकांची ओळख करून देतांना ते भारतीयांचे असें स्वच्छ सांगितलें. लिओनार्दोनें आठशें वर्षांपूर्वीं जें मोकळेपणीं लिहिलें तें आजच्या अभ्यासक्रमास एका शब्दानें लिहितां आलें असतें.

हें आम्ही अभिमानापोटीं बोलतों असें कोणास वाटूं नये. अभिमानानें बोलावयाचें तर आपल्याच नाणेघाटाची अडचण उभी राहते. तेथील सातवाहन लेखांतील दानांच्या संख्या पाहाव्या: दहास निराळें चिन्ह, शंभरास निराळें, हजारास निराळें. स्थानमूल्य त्यांतहि नाहीं. रोमनांच्या वैभवाच्या काळीं आपलेहि लेखनिक त्यांच्याच पंक्तीला बसलेले होते. तेव्हां मुलांस सांगावयाचें तें हें कीं, मोठीं राज्यें व मोठा व्यापार शून्यावांचून शेंकडों वर्षें चालला, आणि मग कोठें तरी कोणी तरी एक अवघड गोष्ट शोधून काढली. 'कोठें' व 'कोणी' हे दोन शब्द गाळले कीं तो इतिहास राहत नाहीं.

मध्यें कांहीं तरी असावें असें आम्हीं वर म्हटलें. तें काय असावें, याचें उत्तर इंग्लंडच्या उत्तरेस हेड्रियनच्या भिंतीच्या थोडें दक्षिणेकडे व्हिन्दोलांदा या ठाण्याच्या चिखलांत १९७३ सालापासून सांपडत आहे. भिंतीचें काम इ. स. १२२ मध्यें सुरू झालें. या पाट्यांपैकीं बहुतेक त्याच्या आधींच्या तीसएक वर्षांतील आहेत. पत्राच्या कार्डाएवढ्या, पातळ तासलेल्या लाकडावर शाईनें लिहिलेल्या अशा दीड हजारांहून अधिक पाट्या व तुकडे आज हातीं आले आहेत. त्यांत हिशेब आहेत, रजेचे अर्ज आहेत. एका पत्रांत कोणी तरी शिपायास मोजे, पायताणाचे दोन जोड व दोन चड्ड्या पाठविल्याचें लिहिलें आहे. दुसऱ्या टिपणांत स्थानिक लोकांचा उल्लेख 'ब्रित्तुन्कुली' या तुच्छतादर्शक शब्दानें केला आहे. लॅटिनमध्यें तो प्रत्यय लहानपणा दाखवितो, आणि प्रसंगीं हिणवितोहि. मराठींतील 'डा' प्रत्ययाची आठवण व्हावी. रोमनीकरणावरील चार पानांच्या धड्याहून तो एक प्रत्यय अधिक सांगतो, आणि भाषेच्या शिक्षकास तो शिकविण्यास पांच मिनिटें पुरतात.

सर्वांत प्रसिद्ध पाटी क्लॉडिआ सेव्हेरा हिनें इ. स. १०० च्या सुमारास आपली मैत्रीण सुल्पिसिआ लेपिदिना हिला लिहिलेली. माझ्या वाढदिवसाला ये, तुझ्या येण्यानें दिवस गोड होईल, एवढाच तिचा आशय. मुख्य मजकूर लेखनिकाच्या हातचा आहे; शेवटच्या ओळी निराळ्या हाताच्या आहेत, आणि तो हात सेव्हेरेचा स्वतःचा. दिवस दिला आहे तो सप्टेंबरच्या 'ईदस'पूर्वींचा तिसरा. सप्टेंबरची ईदस तेराव्या तारखेस येते. आमच्या नातवानें तेरांतून तीन वजा करून दहा सांगितलें. उत्तर अकरा आहे. कारण रोमन लोक तेरा ही तारीखहि मोजीत: तेरा, बारा, अकरा. मुलास हें चूक वाटलें. तेव्हां आम्हीं त्याला बारशाचा दिवस मोजावयास लावला. जन्माचा दिवस पहिला धरून बारावा येतो, पण मध्यें दिवस जातात अकरा. शून्य जवळ नसलेला मनुष्य कसा मोजतो, हें त्याला या एका पत्रावरून समजलें. अडतीस उदाहरणांवरून समजलें नव्हतें.

याच ठाण्यांतील एका हिशेबांत कोणा शिपायाच्या नांवावर मिरें व त्यापुढें दोन डेनारिअस ही नोंद आहे. तें मिरें मलबारच्या किनाऱ्यावरचें. नैर्ऋत्य व ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या बेतानें तांबड्या समुद्रांतून चालणारीं गलबतें, पुढें नाईल नदी, अलेक्झांड्रिया, रोम, आणि तेथून या धुक्यांतल्या छावणीपर्यंतची वाट, एवढा भूगोल त्या एका ओळींत आहे. साम्राज्याचे पांच कोटि सेस्टर्स दरसाल भारतांत जातात असें प्लिनीचें गाऱ्हाणें होतें. पेरिप्लसमधील कल्याण, तेर व पैठण, आणि कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीच्या टेकडींत सांपडलेली पोसायडनची कांस्यमूर्ति, हीं आपल्या वाचकांस ठाऊकच आहेत. नातवाच्या वहींतील साम्राज्याचा नकाशा मात्र फरात नदीपाशीं संपतो. रंगकाम नीटनेटकें आहे; सीमारेषेबाहेर एकहि फराटा गेलेला नाहीं.

लंडनच्या पाट्या निराळ्या जातीच्या. त्यांवर मेण थापून लोखंडी टोकानें लिहीत. मेण गेलें, लाकडावर उमटलेले ओरखडे राहिले. आपल्या जुन्या शाळांतील धुळपाटी ज्यांनीं वडिलांच्या तोंडून ऐकली असेल त्यांस ही युक्ति चटकन् कळेल. २०१० ते २०१४ या काळांत लंडन शहरांत एका इमारतीचा पाया खणतांना चारशेंहून अधिक अशा पाट्या निघाल्या आणि २०१६ सालीं त्यांचें वाचन प्रसिद्ध झालें. एक आहे इ. स. ५७ च्या जानेवारीच्या आठव्या तारखेचा कर्जरोखा: तिबुल्लस नांवाचा एक मुक्त दास ग्रातस नांवाच्या दुसऱ्या मुक्त दासास विकलेल्या मालाबद्दल एकशें पांच डेनारिअस देणें लागतो. आपल्या दप्तरांतील कतब्याशीं घडणी जुळते. दुसरी आहे इ. स. ६२ च्या ऑक्टोबरच्या २१ तारखेची: व्हेरुलामिअमहून शिधासामग्रीच्या वीस खेपा, दर खेपेस पाव डेनारिअस भाड्यानें, नोव्हेंबरच्या ईदसपर्यंत आणून द्यावयाच्या.

ही दुसरी पाटी आम्हांस अमोल वाटते. लंडन व व्हेरुलामिअम हीं दोन्ही गांवें बौडिकेनें जाळलेलीं. त्या जाळपोळीस एक-दोन वर्षें होतात न होतात तोंच एका गांवाहून दुसऱ्या गांवीं वीस खेपा माल निघतो, करार होतो, मुदत ठरते. राणीच्या रोजनिशीच्या अडीच पानांत उठावानंतर काय झालें याविषयीं एक अक्षर नाहीं. या पाटींत तेंच सर्व आहे. आणि गणितहि: वीस पाव किती? पांच डेनारिअस. डेनारिअसचे सोळा 'अस' होत, म्हणजे पाव डेनारिअसचे चार. सोळा आण्यांचा रुपया ज्यांनीं वडिलांच्या तोंडून ऐकला आहे त्यांस ही पावली ओळखीची वाटेल. नातवास आणा ठाऊक नाहीं, म्हणून सोळाच्या पटींचें कोष्टक त्यास लिहून दाखवावें लागलें. तें त्यानें आनंदानें केलें.

पुठ्ठ्याच्या ढालींविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं. वर्गानें लाल, उभट, वांकविलेल्या ढाली केल्या, मैदानावर कांसवाच्या पाठीसारखी रांग लावली आणि मुलें खूष झालीं. तशी ढाल पलटणींतील शिपायाची. भिंतीवर पहारा करणारीं पथकें बहुतांशीं साहाय्यक सैन्याचीं होतीं. व्हिन्दोलांदा येथें त्या पत्रांच्या काळीं ऱ्हाईन नदीच्या मुखाकडील बटाव्हियन लोक होते, आणि अशा पथकांची ढाल सामान्यतः सपाट असे. शिक्षकांनीं एवढेंच विचारलें असतें कीं, या ठाण्यांतील 'रोमन' माणूस रोमचा होता का, तर पुठ्ठा कापतांकापतां साम्राज्य म्हणजे काय हें निघालें असतें. चौकोनी कागदांच्या फरशीबद्दल कांहींच म्हणावयाचें नाहीं. ती सुंदर आहे आणि कन्येनें ती भिंतीवर लाविली आहे.

शाळेच्या ग्रंथसंग्रहांतून नातू 'मिनिमस' नांवाचें पुस्तक घरीं घेऊन येई. बार्बरा बेल यांनीं प्राथमिक शाळांसाठीं लिहिलेला हा लॅटिनचा पहिला पाठ १९९९ सालीं केंब्रिजच्या विद्यापीठ मुद्रणालयानें काढला. व्हिन्दोलांद्याचा अधिकारी फ्लाविअस केरिआलिस, त्याची पत्नी लेपिदिना, तीन मुलें, तीन दास, एक मांजर आणि मिनिमस नांवाचा उंदीर असें कुटुंब चित्रांतून बोलतें. संस्कृताच्या पहिल्या पुस्तकांतील 'रामः वनं गच्छति' या जातीचीं निर्जीव वाक्यें जन्मभर शिकविलेल्या आम्हांस या पुस्तकाचा मत्सर वाटला, हें कबूल करितों. विभक्ति येते ती उंदराच्या शेपटाला धरून येते. आठ वर्षांच्या मुलास परकी मृत भाषा इतक्या हंसतमुखानें भेटावी ही लहान गोष्ट नव्हे, आणि ठाणें, घर व नवराबायको अस्सल पाट्यांतून उचललीं आहेत ही त्याहून मोठी.

परंतु चित्रकथेच्या ओघांत अस्सल कोण व कल्पित कोण हा भेद मुलास दिसत नाहीं. केरिआलिस व लेपिदिना खरीं. त्यांचीं पत्रें आहेत. घरांत मुलें होतीं याला खणतीच्या वस्तूंचा आधार आहे. व्हिन्दोलांद्याच्या एका पाटीवर कोणी व्हर्जिलच्या महाकाव्यांतील एक ओळ गिरविली आहे, ती पुरती नीट उतरलेली नाहीं, आणि तिच्यापुढें दुसऱ्या हातानें तीन अक्षरें आहेत. 'ढिलाईचें काम' या अर्थाच्या शब्दाचा तो संक्षेप असावा, म्हणजे मास्तराचा शेरा असावा, असा विद्वानांचा तर्क आहे. (हा शेरा आम्हींहि लिहिला आहे, किती वेळां तें सांगत नाहीं.) मुलांचीं नांवें मात्र लेखिकेनें दिलेलीं, आणि पँडोरा व कोरिन्थस हे दासहि तिचेच. दासांशीं घर गोडीनें वागतें. पँडोरा केस विंचरते, कोरिन्थस लिहितो. पुस्तक मिटल्यावर दास्य म्हणजे एक प्रकारची नोकरी, असा ग्रह नातवाचा झाला होता.

याच्या शेजारीं लंडनची आणखी एक पाटी ठेवावी लागते. ती इ. स. ७५ ते १२५ च्या दरम्यानची, दास-दासींच्या विक्रीचें खत. फॉर्च्युनाटा नांवाची, गॉल प्रांतांतील दिआब्लिन्तेस जमातीची एक मुलगी सहाशें डेनारिअसांस विकली गेली. ती निरोगी असल्याची आणि पळून जाणारी नसल्याची हमी विकणारा देतो. घेणारा व्हेगेतस, तो स्वतः बादशहाच्या एका दासाचा दास. पलटणींतील शिपायास पगार वर्षाला प्रथम सव्वादोनशें व पुढें तीनशें डेनारिअस होता. तेव्हां ही किंमत शिपायाच्या दोन-अडीच वर्षांच्या पगाराएवढी. हें गणित मुलांस घालावें कीं घालूं नये? सहाशें हे रोमन आंकड्यांत लिहा, एवढाच उपयोग करणाऱ्या वर्गांत ही पाटी न आलेली बरी. परंतु ती मुळींच न आणणें म्हणजे साम्राज्याची आंघोळीचीं घरें व रस्ते दाखवून त्यांचा खर्च लपविणें होय. आम्हीं नातवास ती वाचून दाखविली. तिचें वय काय होतें, असें त्यानें विचारलें. पाटींत वय नाहीं. त्यानें भागाकार केला नाहीं आणि आम्हीं त्यास करावयास सांगितलेंहि नाहीं.

निघण्यापूर्वीं नातवाच्या बाईंची भेट झाली. आमचें म्हणणें त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि मग आपली बाजू मांडली: वर्गांत तीस मुलें, विषयाला सहा आठवडे, इतर परीक्षांचें ओझें, आणि ज्या मुलांना वाचतां येत नाहीं त्यांना पुठ्ठ्याची ढाल हाच रोमन लोकांचा पहिला स्पर्श. हा शेवटचा मुद्दा आम्हीं विचारांत घेतला नव्हता. भोजनाचा शुक्रवार सोडून त्या वेळांत दोन पाट्या वाचाव्या, इतकी तडजोड आम्हीं सुचविली. भोजन मुलें सोडूं देणार नाहींत, पण रोजनिशी सोडतां येईल, असें त्या म्हणाल्या. वीस खेपांच्या कराराचें व वाढदिवसाच्या पत्राचें सोपें भाषांतर त्यांना उतरून दिलें आहे. फॉर्च्युनाटेचें दिलें नाहीं. तें वाचतांना वर्गांत कोण बसलें आहे, हें त्यांनींच पाहावयाचें.